एकाच पाइपमधून चार सर्किटं चालतील, पण न्यूट्रल कुणाचा?

हा या आठवड्याच्या भागाचा लिखित मजकूर. बोलताना सतराशे साठ वेळा आलेलं "ॲक्च्युअली" गाळलंय, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय. ज्यांना घरी वायरिंगचं काम चालू आहे आणि वायरमनला मोबाइलवर काहीतरी लिहिलेलं दाखवायचंय, त्यांना हे जास्त उपयोगी पडेल.

प्रश्न एका श्रोत्याचा आहे. फ्लॅटचं रिनोव्हेशन सुरू आहे. भिंतीला झिऱ्या मारून झाल्यात, टाइल्स बसायच्या आहेत. वायरमन म्हणतोय, "गिझर, वॉशिंग मशीन आणि एसी, तिन्हीच्या फेज एकाच पाइपमधून नेतो. न्यूट्रल एकच टाकतो, सगळीकडे फिरवतो. वायर वाचेल, पाइपही भरणार नाही." असं चालतं का?

उत्तराचे दोन भाग आहेत. एका पाइपमधून अनेक सर्किटं नेणं चालतं, काही अटींवर. तिन्हीला मिळून एकच न्यूट्रल नाही चालत. आपल्यातले बहुतेक जण पहिल्या भागाची काळजी करतात आणि दुसऱ्याकडे बघतही नाहीत. खरा धोका दुसऱ्यात आहे.

मी कम्प्युटरचा बीटेक आहे, वायरमन नाही. त्यामुळे हे ऐकून कुणी स्वतः डीबी उघडायचा नाही. डोक्यात गणित स्पष्ट असलं की वायरमनला योग्य प्रश्न विचारता येतो, तेवढ्यासाठी हा भाग.

सर्किट म्हणजे नक्की काय

डीबीमधल्या एका एमसीबीपासून फेज निघते, उपकरणातून जाते आणि न्यूट्रलवरून परत येते. हा पूर्ण फेरा म्हणजे एक सर्किट. आपल्याला जायची वाट दिसते, कारण तिच्यावर स्विच असतो, एमसीबी असतो. परतीची वाट कुणी बघत नाही. पण जेवढा करंट गेला, तेवढाच परत यायला हवा. फेजमधून १० अँपिअर गेले, तर न्यूट्रलमधूनही १० अँपिअरच येतात. न्यूट्रल "मेलेली" वायर आहे हा समज पहिल्यांदा डोक्यातून काढा.

आपल्याकडे लाइट-फॅनच्या एका सर्किटवर जास्तीत जास्त १० पॉइंट किंवा ८०० वॉट, हा जुना हिशोब बऱ्याच वायरमन लोकांना पाठ असतो. त्या दहा पॉइंटना एकच न्यूट्रल फिरवलेला असतो आणि त्यात काही चूक नाही, कारण ते सगळे एकाच एमसीबीवर आहेत. एका सर्किटच्या आत न्यूट्रल लूप करणं वेगळं आणि तीन सर्किटांना मिळून एक न्यूट्रल देणं वेगळं. वायरमन म्हणतो "न्यूट्रल तर लूपच करतात", तेव्हा तो यातलं कुठलं म्हणतोय ते विचारून घ्या.

पाइपमध्ये गर्दी झाली की काय होतं

आंतरराष्ट्रीय मानक आहे आयईसी ६०३६४. घरातल्या वायरिंगचं आपलं भारतीय मानक आयएस ७३२, त्याची २०१९ ची आवृत्ती बरीचशी याच मांडणीवर बेतलेली आहे. आयईसी म्हणतं, एकाच पाइपमध्ये अनेक सर्किटं चालतील, मात्र पाइपमधल्या प्रत्येक वायरचं इन्सुलेशन तिथल्या सर्वांत जास्त व्होल्टेजला पुरणारं हवं. म्हणूनच वायफाय राउटरकडे जाणारी लॅन केबल २३० व्होल्टच्या वायरींबरोबर त्याच पाइपात कोंबायची नाही. तिला वेगळा पाइप द्यायचा.

दुसरी अट उष्णतेची. करंट वाहिला की वायर तापते. साध्या पीव्हीसी इन्सुलेशनची मर्यादा ७० अंश सेल्सिअस. पाइपात एकच सर्किट असेल तर उष्णता बाहेर पडते. तीन-चार असली की त्या वायरी एकमेकींना तापवतात, गर्दीच्या लोकलमध्ये पंखा चालू असून घाम येतो तसं.

त्यासाठी तक्ता आहे. तांब्याची अडीचची वायर, म्हणजे २.५ चौरस मिलिमीटर, भिंतीतल्या पाइपात एकटं सर्किट असताना २४ अँपिअरपर्यंत चालते. हे ३० अंश तापमान धरून. आता त्याच पाइपात दोन सर्किटं असतील तर ०.८० ने गुणा, तीन असतील तर ०.७०, चार असतील तर ०.६५. वर आपल्याकडचा उन्हाळा. ४० अंशाला आणखी ०.८७ ने गुणायचं.

हिशोब करू. २४ गुणिले ०.७० गुणिले ०.८७, उत्तर साधारण १४.६ अँपिअर. म्हणजे तीन जड सर्किटं एका पाइपात घातली, तर अडीचच्या वायरला १६ अँपिअरचा एमसीबी जास्त होतो. एमसीबी शांत बसेल आणि वायर तिच्या मर्यादेपलीकडे तापत राहील. तीच वायर चारची घेतली, तर ३२ पासून सुरुवात होते आणि साधारण १९.५ वर येतो. मग १६ चा एमसीबी बरोबर बसतो. विदर्भात ४५ अंश धरायचे असतील तर ०.८७ च्या जागी ०.७९ घ्या.

थोडा दिलासाही आहे. ज्या वायरमधून तिच्या क्षमतेच्या ३० टक्क्यांहून कमी करंट जातो, ती या गर्दीत मोजायची गरज नसते. त्यामुळे एलईडी लाइटचं सर्किट गिझरच्या पाइपातून गेलं म्हणून आकाश कोसळत नाही. गिझर, एसी, इंडक्शन ही मंडळी एकत्र आली की हिशोब करायचा. किंवा सरळ दुसरा पाइप टाकायचा. झिरी मारून झालेली असताना पाइप सगळ्यात स्वस्त असतो. टाइल्स बसल्यावर तो सगळ्यात महाग होतो.

आता न्यूट्रलकडे या

समजा तीन एमसीबी आहेत, प्रत्येक १६ अँपिअरचा. ३ किलोवॅटचा गिझर सुमारे १३ अँपिअर घेतो. पाणी तापवणारी वॉशिंग मशीन २ किलोवॅट धरा, म्हणजे ८.७. एसी साधारण ७. प्रत्येक फेज आपापल्या एमसीबीच्या मर्यादेत आहे. कुणीच ट्रिप होणार नाही.

पण परतीची वायर एकच आहे. तिच्यातून १३ अधिक ८.७ अधिक ७, म्हणजे जवळपास २९ अँपिअर वाहतायत. अडीचच्या वायरला एकटीला, थंड हवेतसुद्धा २४ झेपतात. आणि ती पाइपात, भिंतीत, इतरांच्या शेजारी आहे.

हे सोसायटीच्या ड्रेनेजसारखं आहे. प्रत्येक फ्लॅटच्या नळाला आपापला कॉक आहे, पण सांडपाण्याचा पाइप एकच आणि तोही बारका. सगळ्यांनी एकदम नळ सोडले तर कुठलाच कॉक बंद होणार नाही, तुंबणार खालचा पाइप.

मग न्यूट्रलवरच फ्यूज का नाही टाकत? कारण तो आणखी वाईट. न्यूट्रलचा फ्यूज उडाला की उपकरण बंद पडतं, आपल्याला वाटतं सप्लाय गेला, पण फेज अजून उपकरणापर्यंत जिवंत असते. हात लावला की संपलं. म्हणून १९५६ च्या भारतीय वीज नियमांपासून हे स्पष्ट आहे आणि केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या नियमांतही तेच आलं. न्यूट्रलमध्ये एकटा फ्यूज किंवा एकटा स्विच घालायचा नाही. तोडायचंच असेल तर फेज आणि न्यूट्रल एकदम तुटले पाहिजेत. जुन्या वाड्यांत, चाळींत न्यूट्रलवरही किटकॅट फ्यूज बसवलेला अजून दिसतो. तुमच्याकडे असेल तर आधी तो काढून घ्या.

म्हणजे न्यूट्रलचं रक्षण करणारा वेगळा पहारेकरी नाही. त्याच्या फेजचा एमसीबी हाच त्याचाही पहारेकरी. हे तेव्हाच खरं, जेव्हा एका न्यूट्रलला एकच फेज असते. आपण कोडमध्ये दोन थ्रेडना एकच व्हेरिएबल दिला आणि लॉक विसरलो की जे होतं, तेच भिंतीत होतं. फक्त इथे क्रॅश झाल्यावर रीस्टार्ट नसतो.

पण यूट्यूबवर तर दोन सर्किटं एका केबलमध्ये दाखवतात

हो, दाखवतात, कारण व्हिडिओ अमेरिकेचा असतो. तिथे घरात पाइपमधून सुट्या वायरी ओढण्याऐवजी बऱ्याचदा एकाच आवरणातली केबल वापरतात. काळी आणि लाल या दोन फेज, पांढरा न्यूट्रल आणि एक उघडी तांब्याची अर्थिंगची तार. लक्षात घ्या, आपल्या घरांत वर्षानुवर्षं काळी म्हणजे न्यूट्रल आणि तिकडे काळी म्हणजे जिवंत फेज. तिकडचा व्हिडिओ बघून इकडे हात घालू नका, याला हे एक कारण पुरेसं आहे.

त्या केबलमध्ये दोन सर्किटं आणि एक न्यूट्रल चालतो, कारण तिथली वीजच वेगळी आहे. घरात १२० व्होल्टच्या दोन बाजू येतात, एकमेकींच्या उलट. दोन्हींमध्ये मिळून २४० व्होल्ट. एका बाजूने १५ अँपिअर आणि दुसऱ्या बाजूने १० अँपिअर गेले, तर न्यूट्रलवर बेरीज होत नाही, वजाबाकी होते. परत येतात फक्त ५. दोन्ही सारखे असतील तर न्यूट्रल रिकामा. म्हणून एक वायर वाचते.

पण ही बचत फुकट नाही. न्यूट्रल मध्येच तुटला तर काय होतं बघा. एका बाजूला १२०० वॉटचा टोस्टर, म्हणजे १२ ओहम. दुसऱ्या बाजूला १२० वॉटचा टीव्ही, साधा रेझिस्टर धरला तर १२० ओहम. न्यूट्रल गेला की हे दोघं एकामागे एक जोडले जातात आणि दोघांवर मिळून २४० व्होल्ट पडतात. टोस्टरच्या वाट्याला सुमारे २२ व्होल्ट, टीव्हीच्या वाट्याला २१८. टोस्टर थंड पडतो आणि १२० चा टीव्ही जळतो. एमसीबीला यातलं काही कळत नाही, कारण करंट दोन अँपिअरसुद्धा नाही.

म्हणून अमेरिकेच्या कोडमध्ये यावर कडक अटी आहेत. दोन्ही फेज वेगवेगळ्या बाजूंच्याच हव्यात, एकाच बाजूच्या दोन चालणार नाहीत, कारण मग वजाबाकीची बेरीज होते. २००८ च्या आवृत्तीपासून दोन्ही ब्रेकर एकदमच बंद झाले पाहिजेत, मग जोडब्रेकर घ्या किंवा दोघांचे खटके जोडा. पॅनलमध्ये तो न्यूट्रल त्याच्या दोन फेजबरोबर बांधून ठेवायचा, म्हणजे कुणाचा कोण ते कळतं. आणि न्यूट्रलचा पुढचा प्रवास सॉकेटच्या स्क्रूवर अवलंबून ठेवायचा नाही. वायरी आधी आपसात जोडून त्यातून एक शेपूट सॉकेटला द्यायची, म्हणजे सॉकेट काढला तरी न्यूट्रल अखंड राहतो.

आयईसीचं म्हणणंही याच दिशेचं. अनेक मुख्य सर्किटांना एक न्यूट्रल नाही. तीन फेजच्या एका सर्किटमधून सिंगल फेजची सर्किटं काढली आणि न्यूट्रल एक ठेवला तर चालेल, पण कुणाचं काय ते ओळखता आलं पाहिजे आणि एकाच स्विचने सगळं एकदम तुटलं पाहिजे.

आता आपल्या श्रोत्याचा फ्लॅट. सिंगल फेज मीटर. तिन्ही सर्किटं एकाच फेजवर. इथे वजाबाकी होऊच शकत नाही, फक्त बेरीज. त्यामुळे अमेरिकेतली सवलत इथे लागूच नाही.

आणि ज्यांच्याकडे थ्री फेज मीटर आहे, त्यांनी तर जास्त जपायचं. आपल्याकडे दोन फेजमध्ये ४०० व्होल्टच्या आसपास असतात. सोसायटीच्या मीटररूममधला मेन न्यूट्रल ढिला झाला की काही फ्लॅटमध्ये दिवे मंद होतात आणि काहींमध्ये टीव्ही, फ्रिज, चार्जर जळतात, ते याच कारणाने. स्वतःच्या भिंतीत तसाच एक ढिला जोड आपण पैसे देऊन का बसवायचा? दिवे अचानक काही मंद, काही भगभगीत झाले तर लगेच मेन स्विच बंद करा आणि मग फोन करा.

आरसीसीबी का पडतो आणि तो का काढतात

हा भाग कृपया फॉरवर्ड करू नका, नीट ऐका.

आरसीसीबी एकच काम करतो. गेलेला करंट आणि परत आलेला करंट यांची तुलना. फरक ३० मिलिअँपिअरच्या आसपास गेला की तो सप्लाय तोडतो. फरक म्हणजे करंट दुसऱ्या वाटेने गेला, आणि ती वाट कदाचित तुमच्या अंगातून असेल.

समजा घरात दोन आरसीसीबी आहेत, एक किचन-बाथरूमचा, एक हॉल-बेडरूमचा. पॅसेजमधल्या एका दिव्याला फेज हॉलच्या सर्किटची दिली आणि न्यूट्रल जवळ होता म्हणून बाथरूमच्या बोर्डातून उचलला. याला उसना न्यूट्रल म्हणू. दिवा मस्त लागतो. पण ९ वॉटचा साधा एलईडी घेतो किमान ३९ मिलिअँपिअर. ते एका आरसीसीबीतून गेले आणि दुसऱ्यातून परत आले. दोघांनाही फरक दिसतो. एक बल्ब लावला आणि घरातला सप्लाय गेला!

मग कुणीतरी येतो, म्हणतो "आरसीसीबी खराब आहे, सारखा पडतो," आणि बायपास करून देतो. दिवा लागतो, घरचे खूश. पुढे कधीतरी गिझरचं कॉइल फुटतं, पाण्यात करंट उतरतो, आणि ज्याने सेकंदाच्या आत सप्लाय तोडायचा तो डीबीमध्ये नुसता शोभेला बसलेला असतो. वाचवलेल्या वायरची किंमत ही आहे.

दुसरा बळी वायरमन स्वतः. त्याने बेडरूमचा एमसीबी बंद केला, टेस्टर लावून फेज नाही याची खात्री केली आणि न्यूट्रलचा जोड सोडवला. तो न्यूट्रल जर हॉलच्या सर्किटचाही असेल आणि हॉलमध्ये पंखा चालू असेल, तर सोडवलेल्या टोकावर पंख्यातून आलेले २३० व्होल्ट उभे असतात. जोड सुटेपर्यंत टेस्टरही काही सांगत नाही. त्याने नियम पाळला आणि तरी शॉक बसला, कारण आधीच्या कुणीतरी पाळला नव्हता.

इन्व्हर्टरवाल्यांनी हेही लक्षात ठेवा. मेन बंद केला तरी इन्व्हर्टरची सर्किटं जिवंतच राहतात. त्यांची फेज आणि न्यूट्रल दोन्ही डीबीपर्यंत वेगळे ओळखता यायला हवेत, आणि काम सुरू करण्याआधी इन्व्हर्टरही बंद हवा.

वायरमनदादांना विचारायचे प्रश्न

भांडायचं नाही, चहा देऊन विचारायचं.

१. डीबीत जेवढे एमसीबी, तेवढे न्यूट्रल न्यूट्रलबारवर आहेत का? सहा सर्किटं आणि दोनच काळ्या वायरी दिसल्या, तर थांबा.

२. प्रत्येक सर्किटची फेज, न्यूट्रल आणि अर्थिंग एकाच पाइपातून जातात का? फेज एका वाटेने आणि न्यूट्रल दुसऱ्या वाटेने, असं नको.

३. कुठल्या पाइपात किती जड सर्किटं आहेत, आणि त्या हिशोबाने वायर अडीचची की चारची?

४. आरसीसीबी दोन असतील, तर प्रत्येकाचा न्यूट्रलबार वेगळा आहे का?

५. टू-वे स्विचच्या दिव्यांना न्यूट्रल कुठल्या सर्किटचा दिलाय? उसन्या न्यूट्रलची ही नेहमीची जागा.

६. प्लास्टर करण्याआधी एक तपासणी होईल का? मेन आणि इन्व्हर्टर बंद, सगळे एमसीबी बंद, प्लग काढलेले. न्यूट्रलबारमधून सगळे न्यूट्रल सोडवायचे आणि कुठल्याही दोघांमध्ये मल्टिमीटरने कंटिन्युइटी बघायची. बीप वाजली म्हणजे आत कुठेतरी दोन सर्किटांचे न्यूट्रल एकमेकांना भेटलेत. पाच-दहा मिनिटांचं काम आहे, पण परवाना असलेल्या माणसानेच करायचं.

आणि एक काम तुमचं. प्लास्टरच्या आधी प्रत्येक भिंतीचा फोटो काढा, पाइप दिसतील असा. डीबीच्या झाकणावर प्रत्येक एमसीबीचं नाव लिहा. पाच वर्षांनी कुणी ड्रिल मारेल तेव्हा तुमची आठवण काढेल.

वायरचं एक बंडल ९० मीटरचं येतं. दोन जादा न्यूट्रल टाकायला टू बीएचकेमध्ये साधारण एका बंडलाहून कमीच वायर लागते. किचनच्या एका ट्रॉलीच्या हँडलवर आपण याहून जास्त वेळ चर्चा करतो. म्हणून श्रोत्याला माझं उत्तर हेच. तीन सर्किटं एका पाइपात जायची असतील तर जाऊ देत, वायर जाड घ्या. पण प्रत्येकाला आपापला न्यूट्रल द्या, आणि ते टाइल्स बसायच्या आधी, याच आठवड्यात करून घ्या.

पुढच्या भागात अर्थिंग. तीन पिनांच्या प्लगची वरची जाड पिन खरंच कुठे जाते, आणि जुन्या बिल्डिंगमध्ये ती कुठेच जात नसेल तर ते कसं ओळखायचं. तुमच्या डीबीबद्दल प्रश्न असेल तर झाकण न उघडता बाहेरून फोटो काढून पाठवा. भेटू.